सुनंदाबाईंची पाखाडी

आमच्या बाईंनी मला उभ्या जन्मात शाबास म्हटलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे मी त्यांचं कौतुक करायला लागले की कुणीतरी म्हणेल, ही बाईंची लाडकी असणार. लाडकी? तौबा! बाईंच्या हातात एक फुटाची लाकडी पट्टी असायची. टाईप करताना मान जरा खाली गेली, नजर बटणांवर पडली, की फाटकन बोटांवर. माझ्या बोटांची आणि त्या पट्टीची ओळख माझ्या नवऱ्याच्याही आधीची आहे.

बाई म्हणजे सुनंदा राजाराम तांबे. रत्नागिरीत गाडीतळाजवळ एका दुकानाच्या माडीवर त्यांचा टायपिंगचा क्लास होता. सहा मशिनं, सहा स्टुलं आणि भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. त्यांचे यजमान राजारामकाका एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. रविवारी येऊन मशिनांचं तेलपाणी करायचे आणि बाईंचा ओरडा खायचे. बाईंचं माहेर सावर्ड्याजवळच्या एका वाडीत. त्या वाडीतली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी म्हणजे बाई. पुढे एका वकिलाकडे टायपिस्ट म्हणून लागल्या, तेव्हा तिथला कारकून त्यांना पाणी वेगळ्या पेल्यात द्यायचा. बाईंनी मशीन पुढे ओढलं. मिनिटाला पन्नास शब्द आणि चूक शून्य, एवढंच करत राहिल्या. सहा महिन्यांत त्याच कारकुनाला आपले कागद घेऊन बाईंच्या टेबलाशी ताटकळावं लागायला लागलं, आणि मग पेला आपोआप एक झाला. हे मला काकांनी सांगितलं. स्वतःबद्दल बोलायचं म्हटलं की बाईंच्या तोंडाला कुलूप असतं.

मी कनीज, मांडवीची. माझे अब्बा लाँचवर खलाशी. अठ्ठ्याण्णव साली बारावी झाले आणि म्हटलं मराठी टायपिंग शिकते, तर घरात हा गलका! पोरीच्या जातीला कचेरी कशाला, आणि तेही मराठी मशीन कशाला, नि त्या बाईंकडेच कशाला. बाईंच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी त्या चालत मांडवीला आल्या, आमच्या ओट्यावर बसल्या, अम्मीच्या हातचा चहा घेतला आणि अब्बांना म्हणाल्या, "तुमच्या पोरीची बोटं लांब आहेत. माझ्याकडे पाठवा, फुकट घालवू नका." अब्बा बोलायला गेले, पण बाईंच्या नजरेला नजर भिडल्यावर "पाठवतो" म्हणाले. सोमवारपासून मी क्लासला.

आता पाखाडी म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे चढावर जांभ्याच्या चिऱ्यांच्या पायऱ्या करतात, त्या वाटेला पाखाडी म्हणतात. त्याच नावाचा बोटांचा एक धडा बाईंनी स्वतः रचला होता. डावा हात खालच्या ओळीतून निघायचा, मधल्या ओळीत टेकायचा, वर जायचा. उजवा हात वरून उतरत त्याला सामोरा यायचा. मधेच दोन्ही हात एकेक पायरी गाळायचे, परत मागे यायचे. सगळे मिळून अठ्ठावीस ठोके. त्यातून शब्द बनत नव्हता, अर्थ तर मुळीच नव्हता. क्लासमध्ये शिरलं की आधी पाखाडी वीस वेळा, मग बाकीचं. बाई बाजूला उभं राहून पट्टीने टेबलावर ताल द्यायच्या.

आणि या पाखाडीतली अक्षरं कधी कुणी बघितलेली नव्हती. सगळ्या बटणांवर बाईंनी डॉक्टरकडची चिकटपट्टी कापून लावलेली. शिवाय नव्या मुलींना त्या रिबन खाली पाडायला लावायच्या, स्टेन्सिल कापताना पाडतात तशी. मग कागदावर काही उमटतच नाही. "रिबन वाचते, आणि तुमचे डोळे पण नको तिथे फिरत नाहीत," असं म्हणायच्या. आम्ही कोऱ्या कागदावर कोरं टाईप करायचो. बाईंनी तो धडा हातांनीच रचला, हातांनीच दाखवला, अक्षर लावून कधीच सांगितला नाही. पहिला महिना मी घरी येऊन रडायचे. दुसऱ्या महिन्यात माझी बोटं भाकरी थापतानाही पाखाडी चढायला लागली.

नव्याण्णवच्या नोव्हेंबरात आमची सरकारी परीक्षा होती, मराठी तीसची, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांची. आणि ऑक्टोबरात माझा निकाह ठरला. अयूब जहाजावर नोकरीला, त्यांची सुट्टी तेवढीच. परीक्षा राहिली. मला बाईंसमोर जाऊन सांगायची छाती झाली नाही, चुलत बहिणीच्या हाती निरोप धाडला. बाई निकाहाला आल्या. स्टीलचा डबा दिला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "परीक्षा राहिली गो." पुढे कुणीतरी मला सांगितलं की क्लासच्या रजिस्टरात माझ्या नावापुढे शेरा आहे, 'अपूर्ण'. लाल शाईने. तेव्हापासून सात वर्षं मी गाडीतळावरून जाताना पलीकडच्या बाजूने जायची. खोटं कशाला सांगू, तोंड दाखवायची लाज वाटायची.

मधल्या काळात टायपरायटर गेले. बाईंनी पाच मशिनं विकली, एक ठेवलं, आणि पन्नाशीला टेकलेल्या असताना कॉम्प्युटर घेतला. लोक म्हणाले, या वयात कसलं डोंबलाचं कॉम्प्युटर! बाईंनी तीन महिन्यांत लग्नपत्रिका, अर्ज, प्रतिज्ञापत्रं सगळं करून दाखवलं. बटणांवर इंग्रजी अक्षरं का असेनात, बाई बघतात कुठे त्यांच्याकडे!

आणि दोन हजार चार साली त्यांनी आपलं खरं काम काढलं. बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेला पन्नास वर्षं व्हायची होती, दोन हजार सहाच्या चौदा ऑक्टोबरला. छप्पन साली वाडीतल्या ज्या माणसांनी दीक्षा घेतली, त्यातली हयात होती त्यांच्या तोंडून त्या दिवसांची हकिकत उतरवून घ्यायची आणि त्या दिवशी पुस्तक काढायचं, असं बाईंनी ठरवलं. एकेका म्हाताऱ्याला एसटीने आणायच्या, खुर्चीत बसवायच्या, चहा पाजायच्या. ते बोलायला लागले की बाई तिथल्या तिथे टाईप करायच्या, कोर्टात करतात तसं. टेप नाही, वही नाही. एकोणचाळीस माणसं झाली. त्यातली चिमाआजी तर नव्वदीची. वाडीने मेलेली गुरं ओढायचं काम सोडलं म्हणून दुकानदाराने मीठ बंद केलं, तेव्हा या आजीने पाच महिने वाडीचं मीठ तीन कोसांवरून डोक्यावर आणलं होतं. कुणी वाटेत अडवलं, कुणी थोबाडीत मारली, आणि कुठल्या घरच्या सुनेने मागच्या दारी बोलावून ओंजळभर मीठ दिलं, सगळं नावानिशी सांगितलं तिने. आणि बाईंचा हात धरून म्हणाली, "छापशील तेव्हा छाप. पण तोवर कुणाच्या डोळ्याला पडता नये." बाईंनी शब्द दिला.

तर काय झालं, एक दिवस एक गिऱ्हाईक पत्रिका करायला आलं. बाई आत कागद आणायला गेल्या तेवढ्यात हा मेला खुर्चीत बसला, समोरची फाईल उघडली आणि मोठ्याने वाचून हसायला लागला. "मिठाची आजी!" म्हणे. बाईंनी त्याला पत्रिकेसकट जिना दाखवला. पण त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, काका सांगतात. दिलेला शब्द मोडला असं घेतलं त्यांनी मनाला.

बाईंचा भाचा केतन, लोट्याच्या एका केमिकल कंपनीत कॉम्प्युटर आणि यंत्रांची देखभाल बघायचा. त्या रविवारी त्याला बोलावलं. तो म्हणाला, "मावशी, एका मशीनमध्ये दोन घरं करू. चालू केलं की काळ्या पडद्यावर विचारेल, कुठे जायचं? वरचं विंडोज, ते गिऱ्हाइकांचं. खालचं लिनक्स, ते तुझं. आणि तुझ्या खोलीला असं कुलूप, की मशीन चालू होतानाच किल्ली मागणार. किल्ली नाही दिली तर आतली अक्षरं कुणालाच वाचता येणार नाहीत. डिस्क काढून पळवली तरी नाही. मला सुद्धा नाही." बाईंना हे फार आवडलं. केतन पुढे म्हणाला, "किल्ली अशी ठेव, जी कुठल्या पुस्तकात नाही, कुणाला सुचणार नाही, कागदावर लिहायची नाही, आणि तू मात्र विसरणार नाहीस."

बाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "तोंड तिकडे कर." केतनला फक्त आवाज आला, टक टक टक, अठ्ठावीस वेळा. मशीनने खात्रीसाठी परत मागितली, परत अठ्ठावीस. पाखाडी! दुसरं काय?

मग रोज सकाळी बाई माडीवर यायच्या, खालचं घर निवडायच्या, पडद्यावर ओळी धावायच्या आणि थांबायच्या. मशीन किल्ली मागायचं. बाई पाखाडी चढायच्या, पडद्यावर टिंबसुद्धा उमटायचं नाही, आणि दार उघडायचं. सीडीवर एक प्रत काढून ठेव, असं केतन दहा वेळा म्हणाला. बाई म्हणायच्या, "सीडीला कुठे कुलूप आहे? कुणीही उचलेल." झालं! त्या वर्षअखेर चिमाआजी गेली. पाठोपाठ हकिकत सांगून गेलेल्यांतला धाकू गेला, विठूबाबा गेले. त्यांचं सांगणं आता एकट्या त्या कुलपामागे होतं.

दोन हजार सहाच्या सप्टेंबरात, तीन तारखेला, बाई माहेरी निघाल्या. शेवटची एक गंगुबाई राहिली होती, चाळिसावी, तिला आणायचं होतं. वाडीच्या पाखाडीवर हे शेवाळ. उभी वाडी ज्या पायऱ्यांवर खेळून वाढली, त्याच पायऱ्यांवर बाईंचा पाय सरकला आणि उजवं मनगट मोडलं. बोटांच्या मुळापर्यंत प्लास्टर, बोटं सुजून टम्म. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे. प्रेसवाला म्हणाला, पंचवीस तारखेपर्यंत मजकूर हातात पडला नाही तर चौदा ऑक्टोबर विसरा.

चौथ्या दिवशी बाई गळ्यात हात अडकवून माडी चढल्या. डाव्या हाताने पाखाडी करायला गेल्या. नाही. परत. नाही. डावा हात दुसरं पाऊल टाकायचा आणि उजव्याची वाट बघत थांबायचा. केतन रविवारी आला, म्हणाला, "मावशी, त्यात काय एवढं? तू किल्ली सांग, मी टाईप करतो."

बाईंनी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मग म्हणाल्या, "मला नाही येत सांगायला."

केतनला आधी वाटलं मस्करी करतेय. मग त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने आठवडाभर सगळीकडे विचारलं, पुण्याच्या मित्रांना फोन केले. सगळ्यांचं एकच, किल्ली नाही तर काही नाही. ज्या कुलपाचा तो अभिमान बाळगून होता तेच आता त्याच्या मावशीच्या उरावर बसलं होतं.

मला हे बाजारात कळलं. खरं तर एवढंच कळलं की तांबेबाई पडल्या, हात मोडला. मग कुठली लाज आणि कुठलं काय! सतरा तारखेला, रविवारी, मी सुरमईचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या घेतल्या आणि सात वर्षांनी त्या माडीचा जिना चढले.

बाई खुर्चीत बसलेल्या. केतन कॉम्प्युटरपुढे डोकं धरून, काका खिडकीत. मला बघून बाई म्हणाल्या, "ये गो. अंगाने भरलीस." बस्स, एवढंच. मी डबा ठेवला आणि स्टुलावर टेकले. काकांनी मला सगळं सांगितलं, चिमाआजीचं, मिठाचं, कुलपाचं, पंचवीस तारखेचं. किल्ली कसली ते मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं.  मी बाईंकडे बघितलं. आमच्या बाईंचे डोळे मी पाण्याने भरलेले कधी बघितले नव्हते.

"तीन माणसं गेली, कनीज," त्या म्हणाल्या. "मी त्यांना शब्द दिला होता की छापेन. कुलूप लावलं ते त्यांच्याच शब्दासाठी. आणि आता मीच बाहेर."

मी डबा मांडीवर घेतला. मी मान खाली घालून बसले. माझी एक खोड आहे. जीव घाबरला की माझी बोटं चालतात. माझ्या लेकीला, उमैमाला, लहानपणी मी तशीच थोपटून झोपवायची, पाठीवर बोटांनी ठोके देत. आताही माझी बोटं त्या डब्याच्या झाकणावर चालली होती. मला पत्ताही नाही.

"थांब," बाई म्हणाल्या.

मी दचकून हात मागे घेतला. पट्टीची आठवण, दुसरं काय.

"थांबू नको! परत वाजव. तेच वाजव."

"काय वाजवू बाई?"

"आत्ता वाजवलंस ते! अगो, पाखाडी वाजवत होतीस तू! मला वाटलं, मशिनं गेली तशी ती पोरींच्या बोटांतूनही गेली."

मग एकच धांदल. केतनला काही कळेना. बाईंनी त्याला खुर्चीवरून उठवलं, मला बसवलं. मशीन बंद करून चालू केलं. काळा पडदा, दोन घरं, खालचं घर, धावणाऱ्या ओळी. आणि किल्लीचा प्रश्न. केतन म्हणाला, "ताई, तीन वेळा विचारतं. तीनदा चुकलं की कुलूप तसंच ठेवून पुढे जातं, मग परत पहिल्यापासून." त्याने धीर द्यायला सांगितलं, मला मात्र घाम फुटला.

मी बटणांवर हात ठेवले. आणि बघितलं. बस्स, तिथेच घात झाला! चिकटपट्टी नाही, सगळी अक्षरं माझ्याकडे डोळे वटारून बघतायत. आठ ठोके गेले आणि नवव्याला बोट हवेत. आता कुठे? ए की एस? तसंच काहीतरी मारून एन्टर दाबलं. चूक.

"डोळे कुठे आहेत?" बाई कडाडल्या. अल्ला! तोच आवाज. मी पंचविशी ओलांडलेली, एका पोरीची आई, पण पाठ ताठ झाली माझी. बाईंनी डाव्या हाताने माझ्या डोक्यावरची ओढणी खसकन ओढली आणि माझ्या हातांवर, सगळ्या बटणांवर पसरली. मग ओढणीखाली हात घालून माझी बोटं एकेक करून मधल्या ओळीवर नेऊन बसवली, पहिल्या दिवशी बसवली होती तशी. "आता चढ."

या वेळी बोटं निघाली ती शेवटपर्यंत गेली. अठ्ठावीस. मी मनात मोजले. एन्टर. चूक!

मला रडूच फुटायचं बाकी होतं. सात वर्षांत विसरले, म्हटलं, संपलं. तेवढ्यात इतका वेळ खिडकीत उभे असलेले काका पुढे आले. त्यांनी ओढणी उचलून माझे हात बघितले, बटणांची ती चपटी पट्टी बघितली. म्हणाले, "अगो, हिला तू उभ्या मशीनवर शिकवलंस. पायऱ्या होत्या त्याला. हे बघ, हे सपाट. वरच्या ओळीला हिचं बोट पोचतच नाही, मधेच पडतं." आणि खाली जाऊन त्यांनी दुकानदाराकडून टेलिफोनची जाडजूड डिरेक्टरी आणली, कीबोर्डच्या मागच्या कडेखाली सरकवली. मला खुर्चीवरून उठवून जुन्या क्लासच्या स्टुलावर बसवलं. एसटीची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस, त्याला बसणं-उठणं बरोबर कळतं.

केतन म्हणाला, "आणि ताई, हलकेच. तुम्ही घण घातल्यासारखं मारताय. बटण दाबून राहिलं तर एकाची दोन अक्षरं होतात."

"हलकेच बिलकेच तिला सांगू नको," बाई म्हणाल्या. "तिला ताल दे म्हणजे बोट आपोआप उचलतं." त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. केतनने पट्टी काढून दिली. तीच! टोकाला कुरतडलेली. बाईंनी ती डाव्या हातात धरली.

ओढणी. बोटं मधल्या ओळीवर. मी डोळे मिटून घेतले.

टक. बाईंची पट्टी टेबलावर पडली आणि माझं करंगळीचं बोट खालच्या ओळीत उतरलं. टक. टक. बाई ताल देत होत्या आणि मला क्लासची खिडकी दिसत होती, तेलाचा वास येत होता, शेजारच्या मुलींची मशिनं ऐकू येत होती. डावा वर गेला, उजवा उतरला, एक पायरी गाळली, मागे आला. मी काही करतच नव्हते, हात करत होते. शेवटच्या ठोक्याला बाईंची पट्टी थांबली आणि माझा हात सवयीने जुन्या मशीनचा दांडा ढकलायला वर जाणार होता, पण केतन "एन्टर!" म्हणून ओरडल्यावर मी एन्टर दाबलं.

केतन पडद्याला नाक लावून उभा.

पडद्यावर ओळी धावायला लागल्या. थांबल्या नाहीत. धावतच गेल्या. मग पडदा निळा झाला, आणि त्यावर बाईंचं घर उघडलं. केतनने एक खण उघडला. नावांची रांग. चिमा. धाकू. विठू. एकोणचाळीसच्या एकोणचाळीस नावं तिथे हजर.

केतन उड्या मारायला लागला. काका पंच्याने डोळे पुसायला लागले. आणि मी, मला काय झालं कुणास ठाऊक, मी बाईंच्या प्लास्टरवर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. बाईंनी मला रडू दिलं. नंतर म्हणाल्या, "ओढणी घे डोक्यावर. गंगुबाईचं राहिलंय अजून."

शाबास? नाव नको!

केतनने त्याच दिवशी आठवण करून दिली, "मावशी, किल्ली बदल आता. या ताईंना कळलीय." बाई म्हणाल्या, "कळलीय? विचार तिला, काय आहे." केतनने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. एक अक्षर सांगता येईना मला! बाई तेव्हा जे हसल्या, तसं हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. किल्ली तीच ठेवली, पण केतनचं जुनं म्हणणं त्यांनी ऐकलं. एक सीडी काढली, आणि ती लोखंडी पेटीत घालून पेटीला कुलूप लावलं.

पुढचा आठवडाभर मी सकाळी उमैमाला शाळेत सोडायची आणि माडीवर यायची. पाखाडी चढायची, दार उघडायची, बाई सांगतील तसं मजकूर नीट लावायची. गंगुबाईला काका घेऊन आले. ती बोलत होती, बाई तिला प्रश्न विचारत होत्या आणि टाईप करत होते मी. गंगुबाईने मधेच विचारलं, "ही कोणाची गो?" मी सांगायच्या आत बाई म्हणाल्या, "ही माझी." गंगुबाई पुढे बोलत राहिली आणि मला दोन ओळी काही दिसेचनात. तरी चूक केली नाही मी, बघा हवं तर पुस्तकात.

चोवीसला मजकूर प्रेसमध्ये गेला. चौदा ऑक्टोबरला वाडीच्या विहारासमोर मांडव घातला होता. मी उमैमाला घेऊन गेले. बाई व्यासपीठावर बसायला तयार होईनात, खाली बायकांत बसल्या, प्लास्टरवर पांढरी साडी. पहिली प्रत गंगुबाईच्या हातात दिली. तिला वाचता येत नाही. चिमाआजीच्या नातसुनेने चिमाआजीचं पान उघडलं आणि मिठाची हकिकत मोठ्याने वाचली. ज्यांनी अडवलं त्यांची नावं वाचली, जिने मागच्या दारी मीठ दिलं तिचंही नाव वाचलं. मांडवात कुणी हसलं नाही. पाठीमागे उभी असलेली एक पांढऱ्या केसांची बाई पुढे आली आणि म्हणाली, मीठ देणारी ती माझी सासू होती. बायकांनी तिला जागा करून आपल्यात बसवून घेतलं. मी सुनंदाबाईंकडे बघितलं. मान ताठ, डोळे समोर. केवढ्या दिसत होत्या बाई त्या दिवशी! आजही मला रत्नागिरीत कुणी विचारलं की तू कोणाकडे शिकलीस, तर मी छाती काढून सांगते.

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला बाजूला बोलावलं. खांद्याच्या पिशवीतून क्लासचं जुनं रजिस्टर काढलं, नव्याण्णव सालचं. मांडवाच्या खांबाशी बाकावर ठेवलं. मला म्हणाल्या, "धर नीट, हलतंय." मी दोन्ही हातांनी पान धरलं. माझं नाव होतं, आणि पुढे लाल शाईत तो शेरा. बाईंनी पेन डाव्या हातात घेतलं. मोत्यासारखं अक्षर असलेली ती बाई, आणि तिची रेघ ओळ सोडून गेली. 'अपूर्ण' खोडलं. वरती वेडंवाकडं, पहिलीतल्या पोराने काढावं तसं लिहिलं, 'पूर्ण'. खाली तारीख, खाली सही.

"चुका किती लिहू?" त्यांनी विचारलं.

"दोन, बाई," मी म्हटलं. "तिसऱ्यांदा उघडलं."

"दोन," त्या म्हणाल्या आणि तेवढंही लिहिलं.